धानाच्या मुलखातला मधुमेह आणि निदानानंतरचे ताट

गोंदिया जिल्ह्यात एखाद्याला ‘शुगर निघाली’ की घरात पहिला प्रश्न भाताचा येतो. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: भात बंद, पोळी किंवा भाकरी सुरू. हा सल्ला ज्या आहारतक्त्यांतून येतो ते बहुधा शहरातल्या, दोन्ही वेळा पोळी खाणाऱ्या आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी बेतलेले असतात. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वैनगंगा, बाघ आणि चुलबंद यांच्या खोऱ्यांत खरिपाचे मुख्य पीक धान आहे. गोंदिया शहराची ओळख राइस मिलांची, घरातली कोठी धानाची आणि रेशनवर येणारे धान्यही मुख्यतः तांदूळच. अशा घरात भात बंद करायचा म्हणजे घरचे ठेवून बाजारातून गहू-ज्वारी विकत आणायची, आणि एका माणसासाठी वेगळा स्वयंपाक करायचा. पंधरा दिवस हे चालते. मग एखाद्या दुपारी भात खाल्ला जातो, पथ्य मोडले म्हणून मन खट्टू होते आणि भातासोबत बाकीचे पथ्यही सुटते. म्हणून या मुलखात मधुमेहाच्या आहाराचा विचार भात काढून टाकण्यापासून सुरू करता येत नाही. तो भात किती, कोणता, कशासोबत आणि केव्हा खायचा, इथूनच सुरू करावा लागतो.

आधी आजाराचे स्वरूप. स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन रक्तातली साखर स्नायूंमध्ये पोचवते आणि यकृताला नवी साखर तयार करण्यापासून थोपवते. टाइप दोनमध्ये स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. स्वादुपिंड काही वर्षे जास्त इन्सुलिन काढून ही तूट भरून काढतो, पुढे तो थकतो आणि साखर वाढू लागते. यकृतात आणि पोटाच्या आत साठलेली चरबी या बिघाडाच्या मुळाशी असते. उपाशीपोटी साखर 126 किंवा त्याहून जास्त, ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी 200 किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीएवनसी 6.5 टक्के किंवा त्याहून जास्त आली, की मधुमेह धरला जातो. लक्षणे नसतील तर निदान पक्के करायला दुसरी तपासणीही लागते.

पूर्व विदर्भात या शेवटच्या चाचणीबाबत एक खबरदारी हवी. एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर फुटतात, त्यामुळे साखर चिकटायला वेळच कमी मिळतो आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो. सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात मोठ्या संख्येने आहेत. वाहकांमध्येही काही यंत्रपद्धतींनी चाचणी चुकते. ज्या घरात सिकलसेल माहीत आहे त्या घरातल्या माणसाने ते डॉक्टरांना आधी सांगावे आणि पथ्याचा परिणाम उपाशीपोटीच्या व जेवणानंतरच्या साखरेवरून जोखावा. नाहीतर ताट चुकीचे असूनही अहवाल चांगला दिसत राहील.

दुसरा घोटाळा वजनाचा. बारीक माणसाला शुगर कशी, हा प्रश्न खेड्यात हमखास विचारला जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचे उत्तर शोधण्यात हयात घालवली. त्यांचा आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी छापलेला फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. भारतीय शरीर दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचे असू शकते, आणि याची सुरुवात आईच्या पोटातच होते, हे पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासातून पुढे आले. म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा 25 ऐवजी 23 वर आणली गेली आहे, आणि कमरेचा घेर पुरुषांत 90, बायकांत 80 सेंटिमीटरच्या आत हवा असे मानले जाते.

याची दुसरी बाजूही आहे आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या जंगलपट्ट्यात ती विसरता येत नाही. काही रुग्ण खरोखरच कुपोषित असतात. त्यांच्यात इन्सुलिनच कमी तयार होते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2025 मध्ये बँकॉकच्या अधिवेशनात कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला ‘टाइप पाच’ असे स्वतंत्र स्थान दिले. हाडांवर कातडी असलेल्या शेतमजुराला ‘कमी खा, वजन उतरवा’ असे सांगणे त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याला डाळ, अंडी, मासे वाढवून पोटभर जेवायला सांगावे लागते. तेव्हा पुढचा सारा विचार पोट सुटलेल्या किंवा वजन बेताचे असलेल्या टाइप दोनच्या रुग्णापुरता समजावा.

आता भाताचे गणित. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबात दर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. ते सगळे तांदळाचे धरले तर रोज सुमारे 167 ग्रॅम कच्चा तांदूळ होतो. शिजल्यावर तो साडेचारशे ते पाचशे ग्रॅम भरतो आणि त्यातून साधारण 130 ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. हा झाला रेशनचा वाटा. घरचे धान असलेल्या आणि दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, राबणाऱ्या माणसाच्या ताटात याच्या दुप्पट किंवा जास्त भात जाणे नवलाचे नाही. आता हे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ या अभ्यासाशेजारी ठेवावे. एकवीस देशांतल्या 1,32,373 लोकांवर काही वर्षे लक्ष ठेवून संशोधकांनी पाहिले की रोज 450 ग्रॅमहून जास्त शिजलेला पांढरा भात खाणाऱ्यांत, 150 ग्रॅमहून कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, मधुमेह जास्त आढळतो. सगळ्या देशांत मिळून ही वाढ 20 टक्के होती, दक्षिण आशियात 61 टक्के. भातानेच मधुमेह होतो असे अशा निरीक्षणातून सिद्ध होत नाही. भात भरपूर आणि त्यासोबत बाकी काही नाही, अशा ताटाचाही तो पुरावा असू शकतो. पण 450 ग्रॅमची रेषा रेशनच्या एका वाट्यातच गाठली जाते, एवढे लक्षात ठेवायला हवे.

मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाने 2023 मध्ये देशात 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज दिला. त्याच सर्वेक्षणातल्या आहाराच्या नोंदींवरून 2022 मध्ये एक गणिती प्रारूप मांडले गेले. नव्याने निदान झालेल्या माणसाची साखर औषधाविना आटोक्यात येण्यासाठी एकूण उष्मांकांत कर्बोदके 49 ते 54 टक्के, प्रथिने 19 ते 20 टक्के आणि स्निग्ध पदार्थ 21 ते 26 टक्के असावेत, असे त्याचे उत्तर. सध्या सरासरी भारतीय साठ टक्क्यांहून जास्त उष्मांक कर्बोदकांतून घेतो. टक्क्यांची भाषा स्वयंपाकघरात उपयोगाची नाही, म्हणून ती वाटीत आणावी. बसून काम करणाऱ्या, वजन कमी करायचे असलेल्या माणसाला रोज पंधराशे उष्मांक ठरवून दिले, तर निम्म्या वाट्याला सुमारे 187 ग्रॅम कर्बोदके येतात. शंभर ग्रॅम शिजलेल्या भाताच्या वाटीत 28 ग्रॅम. दोन्ही जेवणांत मिळून चार वाट्या भात खाल्ला तरी 112 ग्रॅम होतात, आणि उरलेल्यात न्याहारी, डाळ, दूध, एखादे फळ बसते. म्हणजे भात राहतो. ढीग जातो. रोवणीला जाणाऱ्या बाईचा किंवा हमालाचा हिशेब अर्थातच वेगळा, त्यांना उष्मांक जास्त लागतात आणि वाट्याही वाढतात.

या आकड्यांत अवघड भाग भाताचा नाही. अवघड आहेत ती प्रथिने. पंधराशे उष्मांकांच्या एकोणीस-वीस टक्क्यांचा अर्थ रोज 70 ते 75 ग्रॅम प्रथिने. तीस ग्रॅम तूरडाळीत ती जेमतेम सात ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा. पातळ वरणाचा एक डाव आणि वर भाताचा डोंगर हे इथले नेहमीचे जेवण या आकड्याच्या आसपासही फिरकत नाही. त्यामुळे निदानानंतरचा पहिला बदल काढून टाकण्याचा नसून भर घालण्याचा असावा: वरण घट्ट आणि वाटीभर, उसळ रोज, शक्य तेथे अंडी, मासे, दही. मूत्रपिंडाला इजा झालेली असेल तर मात्र प्रथिनांची मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

ही भर घालायला झाडीपट्टीला, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागाला, बाहेर जावे लागत नाही. धुऱ्यावरची तूर इथे पिढ्यान्‌पिढ्या लावली जाते. हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा येतात. मालगुजारी तलावांची ही भूमी असल्याने धीवर समाजाच्या जाळ्यातून रोहू, कतला, मरळ आणि झिंगे गावोगावच्या बाजारात पोचतात. शंभर ग्रॅम माशात अठरा-वीस ग्रॅम प्रथिने असतात आणि कर्बोदके जवळपास नाहीतच. मासा तळण्यापेक्षा रश्श्यात शिजवलेला बरा. सुकवलेल्या मासळीत मीठ फार, आणि मधुमेहासोबत रक्तदाबही असतो तेव्हा ती जपून खावी.

लाखोळीच्या डाळीचा उल्लेख वेगळा करावा लागतो. धान कापणीला येण्याआधी ओलसर बांधीत लाखोळी आणि जवस फेकून पेरण्याची इथली रीत आहे. लाखोळीत प्रथिने तुरीहून जास्त असतात, ती स्वस्त आहे आणि तिच्या कोवळ्या पाल्याची भाजीही होते. पण तिच्यात ओडीएपी नावाचे विषारी द्रव्य असते आणि दुष्काळात महिनोन्‌महिने तीच एक खाऊन राहिलेल्या माणसांचे पाय लुळे पडल्याचा इतिहास आहे. 1961 साली तिच्या विक्रीवर देशात बंदी आली, तरी झाडीपट्टीत ती पेरायची आणि खायची थांबली नाही. पुढे हे द्रव्य कमी असलेले ‘रतन’ आणि ‘प्रतीक’ असे वाण आले. भिजवून पाणी फेकून दिल्यानेही ते कमी होते. मधुमेह्याने प्रथिनांसाठी म्हणून लाखोळीवरच भिस्त ठेवू नये. तूर, मूग, हरभरा, बरबटी यांच्या फेऱ्यात ती अधूनमधून आली तर भीतीचे कारण नाही. तिची सोबतीण जवस मात्र निःशंक वापरावी. भाजून केलेल्या जवसाच्या चटणीत तंतू भरपूर असतात आणि ओमेगा-तीन वर्गातले स्निग्धाम्लही.

भाज्यांबाबत तर पावसाळ्यातले जंगल उदार असते. तरोटा, काटवल, बांबूचे कोवळे वास्ते, अंबाडी, चवळीचा पाला यांत कर्बोदके नगण्य आणि तंतू पुष्कळ. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, पाव भाग डाळ-मासे-अंड्यांचा आणि पाव भाग भाताचा, अशी मांडणी आता सर्वत्र सांगितली जाते. ती इथे पाळायला कोचई, म्हणजे अळूचे कंद, आणि बटाटे भाजीत मोजू नयेत एवढेच. त्यांची गणना भातासोबत. कोचईच्या पानांची वडी चांगली, पण तिच्यातले बेसन आणि तळणीचे तेल हिशेबात धरावे.

कोणता तांदूळ, या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर द्यायला हवे. खाल्लेले अन्न रक्तात साखर किती वेगाने सोडते हे मोजणारा ग्लायसेमिक इंडेक्स टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी 1981 मध्ये मांडला. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने इतरांसोबत 235 वाण तपासले, तेव्हा हा आकडा 48 पासून 92 पर्यंत पसरलेला निघाला. सरासरी 64. म्हणजे ‘तांदूळ’ ही एक वस्तूच नाही. त्या यादीत कमी आकड्याच्या बाजूला बसलेले एक नाव म्हणजे स्वर्णा, आंध्रातल्या मारुतेरू केंद्राचे वाण, जे पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याला चांगलेच परिचित आहे. स्वर्णा जाडसर म्हणून पाहुण्यांपुढे वाढली जात नाही. पाहुण्यांना बारीक, पांढराशुभ्र तांदूळ हवा. दाण्यात अमायलोज नावाचा स्टार्च जास्त असेल तर भात मोकळा, सुटा होतो आणि सावकाश पचतो. तो कमी असेल तर भात चिकट, मऊ होतो आणि लवकर साखर बनतो. भात फार गळेपर्यंत शिजवला तरी तेच होते.

उकडा तांदूळ, म्हणजे धान सालीसकट भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलेला, हाही साध्या तांदळाहून सावकाश पचतो. वाफवताना दाण्यातल्या स्टार्चची रचना बदलते आणि कोंड्यातली काही जीवनसत्त्वे दाण्यात शिरतात. गोंदियाच्या मिलांमधून उकडा तांदूळ मोठ्या प्रमाणात बाहेर जातो, तो घरच्या चुलीवर मात्र फारसा चढत नाही, हे जरा विचित्रच. वासाची तक्रार असते. तांदूळ रात्रभर भिजवून, पाणी बदलून शिजवला की वास बराच कमी होतो. हातसडीचा किंवा एकदाच पॉलिश केलेला तांदूळ कोंड्यामुळे अधिक चांगला. मिलवाल्याला ‘पॉलिश कमी’ असे सांगून आपलेच धान तसे भरडून घेता येते. तो लवकर कीड धरतो, म्हणून महिन्यापुरताच भरडावा.

भाताऐवजी भाकरी किंवा पोळी घेतली म्हणजे सुटलो, हा समज वाटीने मोजला की टिकत नाही. पन्नास-साठ ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी म्हणजे 36 ते 42 ग्रॅम कर्बोदके, अर्थात दीड वाटी भाताच्या आसपास. दोन वाट्या भात सोडून तीन भाकऱ्या खाणारा रुग्ण पथ्यावर नाही, तो पंगतीत फक्त जागा बदलून बसला आहे. कोंड्यासकट पिठाची भाकरी पोट जास्त वेळ भरलेले ठेवते, हा तिचा खरा फायदा. कोदो आणि कुटकी ही गोंड वस्त्यांतली जुनी धान्ये. 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून त्यांचा बाजारात बोलबाला आहे. त्यांनाही मापाचा नियम लागूच.

सोबत आणि क्रम यांनी फरक पडतो. भाजी, उसळ, मासे आधी आणि भात शेवटी खाल्ला तर जेवणानंतरची साखरेची उसळी कमी होते, असे लहान प्रयोगांत वारंवार दिसले आहे. तंतू आणि प्रथिने पोट रिकामे होण्याचा वेग कमी करतात. इथे भात-वरण कालवून जेवण सुरू होते, तो क्रम उलटवायला पैसा लागत नाही. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे अंगणात किंवा पाराभोवती चालले की स्नायू साखर उचलतात. उन्हाळ्यात भात पाण्यात घालून सकाळी बासी खाण्याची पद्धत शेजारच्या छत्तीसगडप्रमाणे इथेही आहे. थंड झालेल्या भातात न पचणारा स्टार्च थोडा वाढतो हे खरे, पण तेवढ्यावर बासीला औषध ठरवून दुप्पट खाऊ नये. गोंदियाच्या मे महिन्यात भात उघड्यावर तासन्‌तास राहिला तर त्यात जिवाणू वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात राखायचा तर लवकर गार करून, थंड जागी, झाकून.

न्याहारी हा या भागाचा कच्चा दुवा आहे. पोहे पुन्हा तांदळाचेच. त्यावर तर्री ओतली की काळे चणे येतात, पण वाटीत चार-पाच. प्रमाण उलटे करावे: चणे वाटीभर, पोहे मूठभर, वर कांदा आणि लिंबू. तर्रीवरचे तेल काढून टाकले तर चवीत उणे पडत नाही. आणि चहा. दोन चमचे साखरेचा एक कप म्हणजे 10 ग्रॅम साखर, टपरीवर नि पाहुणचारात मिळून असे पाच कप झाले की 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. गूळ घातल्याने यात काही बदलत नाही, गुळातही मुख्यतः तीच साखर असते. ‘बिनसाखरेचा’ म्हणताच यजमानाचा चेहरा पडतो, तो पडू द्यावा.

ताट आणि औषध यांचा मेळ शेतीच्या हंगामात सर्वांत जास्त चुकतो. रोवणीच्या दिवसांत पहाटे निघून दुपार उलटेपर्यंत वाकून काम चालते, कापणी-मळणीतही तसेच. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेल्या माणसाची साखर अशा वेळी 70 च्या खाली जाऊ शकते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, डोके हलके होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. उन्हाने भोवळ आली समजून त्याला सावलीत निजवले तर वेळ हातचा जातो. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटले की शिदोरीतले जेवण द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. अशा रुग्णाच्या शिदोरीत साखरेची पुडी असावी, न्याहारी न करता गोळी घेऊ नये आणि हंगाम सुरू होण्याआधी गोळीची मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी उतरत नाही, पण ती अनेक वर्षे घेतल्यास शरीरातले बी-बारा जीवनसत्त्व कमी होऊ शकते, हे निव्वळ शाकाहारी रुग्णांनी ध्यानात ठेवावे.

मोहाची दोन्ही रूपे धोक्याची. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याच्या आसपास साखरच असते, म्हणून मोहाचे लाडू किंवा भाजलेली फुले मूठभर खाणे म्हणजे गोड खाणेच. त्याची दारू उलट बाजूने घात करते: मद्य यकृताचे साखर सोडण्याचे काम अडवते आणि उपाशीपोटी प्यालेल्या, गोळी घेतलेल्या माणसाची साखर रात्री झोपेत घसरते. शेजाऱ्याला वाटते, चढली आहे.

उपवासाला साबुदाणा, बटाटा, शिंगाड्याचे पीठ, भगर हे सारे स्टार्चच. एकादशीला साखर वाढलेली दिसते ती यामुळे. उपवास करायचाच तर शेंगदाणे, दही, ताक, काकडी आणि थोडी भगर घ्यावी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने निर्जळी उपवास आणि रमजानचे रोजे आधी डॉक्टरांशी बोलूनच धरावेत. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्याने तर लांब उपवास किंवा कर्बोदके अजिबात बंद करणे टाळावे. त्यात साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही रक्त आम्लधर्मी होण्याचा गंभीर धोका असतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, पाहुणे येतात, रात्रभर नाटक किंवा दंडार चालते, करंज्या आणि मटणाच्या पंगती उठतात. या महिन्यांत पथ्य पूर्ण पाळले जाईल असे गृहीत धरणे भाबडेपणाचे आहे. एका जेवणात गोड घेतले तर त्या जेवणातला भात कमी करावा आणि दुसऱ्या दिवशी ताट मूळ मापावर आणावे. एका जागरणाने बिघडत नाही. बिघडते ते मंडईचा हंगाम संपेपर्यंत गोळ्याच विसरल्या जातात तेव्हा.

हे सगळे अमलात येते ते चुलीपाशी, आणि तिथे बहुतेक घरांत बाई असते. रुग्ण पुरुष असेल तर त्याचे पथ्य तिला सांभाळावे लागते. रुग्ण तीच असेल तर ती सर्वांत शेवटी, उरलेले जेवते, आणि उरतो तो भात. भाजी-उसळ संपलेली असते. डाएट चार्ट लिहून देणाऱ्याने रुग्णाला घरात वाढते कोण आणि शेवटी जेवते कोण, हे आधी विचारावे. वेगळा स्वयंपाक हा टिकणारा उपाय नाही. घट्ट वरण, जास्त भाजी, कमी पॉलिशचा तांदूळ आणि बिनसाखरेचा चहा हे सगळ्या घराचे व्हावे. मधुमेह्याच्या भावंडांना आणि मुलांना धोका इतरांहून जास्त असतो, त्यामुळे त्यांनाही याचा लाभच. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध प्रयोगात उंबरठ्यावरच्या लोकांत केवळ आहार आणि चालण्यातल्या बदलाने मधुमेहाचे प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटले होते.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथ्या यांनी साखर थोडी उतरल्याचे छोटे अभ्यास आहेत. मेथ्यांच्या तंतूंचा उपयोग पटण्यासारखाही आहे. पण त्यांच्या भरवशावर गोळी बंद केल्याने डोळे आणि मूत्रपिंड गमावलेले रुग्ण कोणत्याही जिल्हा रुग्णालयात भेटतात. तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेह तपासणी आरोग्यवर्धिनी केंद्रांत होते, आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन नोंद करतात आणि मेटफॉर्मिनसारखी मूळ औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. त्यामुळे ताट बदलले की त्याच वेळी औषधाची मात्रा तपासून घेणे आवाक्यातले आहे, आणि ते गरजेचेही आहे, कारण भात निम्मा झाला आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर जास्तच खाली येते.

बदल लागू पडतो आहे का, हे ग्लुकोमीटरने कळते. पट्ट्या महाग पडतात, म्हणून रोज मोजण्याऐवजी ठरवून मोजावे: एका दिवशी जेवणाआधी आणि दोन तासांनी दोन वाट्या भातावर, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच भातावर पण भाजी-उसळ आधी खाऊन, तिसऱ्या दिवशी उकड्या तांदळावर. बहुतेक प्रौढांत उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवणानंतर 180 च्या आत हे साधारण लक्ष्य. म्हातारपणी किंवा साखर वारंवार उतरत असेल तर ते सैल ठेवतात. अशा आठ-दहा नोंदींतून त्या माणसाचे स्वतःचे माप हाती येते, आणि ते छापील तक्त्यापेक्षा अधिक विश्वासाचे असते.

निदान नवे असेल आणि वजन जास्त असेल तर आजार मागे फिरू शकतो. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ प्रयोगात सुरुवातीचे तीन ते पाच महिने दिवसाला जेमतेम साडेआठशे उष्मांकांचा, देखरेखीखालचा आहार दिला गेला, आणि 2017 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार वर्षाअखेर 46 टक्के रुग्ण औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली आले. ज्यांचे वजन 15 किलो किंवा अधिक उतरले त्यांच्यात हे प्रमाण 86 टक्के होते. तिथले रुग्ण भारतीयांहून बरेच वजनदार होते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत आणि असा आहार घरी स्वतःच्या मनाने करायचा नसतो. औषधे थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीएवनसी 6.5 टक्क्यांच्या खाली राहिला, तर त्याला ‘रेमिशन’ म्हणतात. सिकलसेल असेल तर इथेही उपाशीपोटीच्या साखरेवर भरवसा ठेवावा लागतो. वजन परत चढले की साखरही परत येते. न चढताही वर्षांनुवर्षे स्वादुपिंडाची ताकद कमी होत जाऊन ती येऊ शकते, आणि तेव्हा गोळी किंवा इन्सुलिन वाढले म्हणजे पथ्यात कसूर झाली असा अर्थ काढायचे कारण नाही. रेमिशनमधल्या रुग्णानेही वर्षातून किमान एकदा साखर, लघवीतले प्रथिन, डोळ्यांचा पडदा आणि पाय तपासून घ्यायचे असतात. चिखलात अनवाणी राबणाऱ्यांच्या जिल्ह्यात पायांची तपासणी तर हंगामाच्या आधी आणि नंतर, अशी दोनदा व्हावी.